सोलो कुणी काढला? 'सेंट अँगर'चं प्रकरण

जून २००३मध्ये मेटॅलिका या अमेरिकी मेटल बँडचा 'सेंट अँगर' हा अल्बम आला. ११ गाणी, ७५ मिनिटं आणि गिटारचा सोलो, म्हणजे गाण्यात मधे गिटारने एकट्याने पुढे येऊन वाजवायचा तुकडा, एकही नाही. 'वन' आणि 'मास्टर ऑफ पपेट्स'मधले सोलो वाजवता यावेत म्हणून हजारो पोरांनी गिटार हातात घेतली होती, आणि त्याच बँडने हे केलं. अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. पुढच्या फेब्रुवारीत त्याच्या शीर्षकगीताला सर्वोत्कृष्ट मेटल सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं. चाहत्यांमध्ये जुंपलेलं भांडण मात्र अजून मिटलेलं नाही.

मेटलच्या चाहत्यांना सोलोवरून भांडायला फारसं निमित्त लागत नाही. वेग मोठा की भाव, आधी रचलेला सोलो खरा की तिथल्या तिथे सुचलेला, पायाने दाबून गिटारचा आवाज 'वा-वा' असा वळवणारा वा-वा पेडल दाबला म्हणजे उणीव झाकली का, हे वाद चार जण जमले की सुरू होतात. त्यातले बहुतेक कुठेच जात नाहीत, कारण तुलना दोन वेगळ्या माणसांच्या दोन वेगळ्या गाण्यांची असते. इथे तसं नाही. बँड तोच, गिटारवादक तोच, गाण्यांची लांबी जुन्या सवयीचीच, आणि सोलो गायब. गाण्यात सोलो नेमकं काय काम करतो हे तपासायला याहून सोयीचं प्रकरण मला माहीत नाही.

खोलीत काय घडलं

अल्बमच्या कामाला २००१मध्ये सुरुवात झाली तेव्हा बँड जवळजवळ मोडकळीला आला होता. जानेवारीत बासवादक जेसन न्यूस्टेड सोडून गेला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ भागातल्या जुन्या लष्करी इमारतीत तात्पुरता स्टुडिओ थाटून काम सुरू झालं, आणि काही महिन्यांतच गायक आणि गिटारवादक जेम्स हेटफील्ड व्यसनमुक्ती उपचारांसाठी निघून गेला. तो परतला एप्रिल २००२मध्ये, तोही अट घालून: काम दुपारी १२ ते ४ एवढंच. आपल्यामागे बाकीच्यांनी रेकॉर्डिंग ऐकत बसायचं आणि परस्पर निर्णय घ्यायचे, हे त्याला चालणार नव्हतं. ड्रमर लार्स उलरिकला हे किती झोंबलं ते त्याच्या चेहऱ्यावरून दिसतं. दिसतं असं म्हणतोय, कारण जो बर्लिंजर आणि ब्रूस सिनोफ्स्की या दिग्दर्शकांचा कॅमेरा या सगळ्या काळात खोलीतच होता, आणि त्यातूनच 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' हा माहितीपट निघाला. आपसांतले तंटे सोडवायला फिल टाउल नावाचे मार्गदर्शक नेमले होते, त्यांना दरमहा ४० हजार डॉलर मिळत होते. बास वाजवायला माणूस नव्हता म्हणून निर्माता बॉब रॉकनेच ती उचलली. रॉबर्ट त्रुहियो बँडमध्ये आला २००३च्या फेब्रुवारीत, अल्बमचं वाजवणं उरकल्यावर.

काम करायची पद्धतही बदलली होती. पूर्वी हेटफील्ड आणि उलरिक तुकडे जमवून गाण्याचा सांगाडा उभा करायचे आणि मग बाकीचं त्यावर चढायचं. या वेळी सगळ्यांनी एकत्र बसून तासन्‌तास वाजवायचं, त्यातले चांगले तुकडे निवडायचे आणि संगणकावर कापून-जोडून गाणं तयार करायचं, असं ठरलं. शब्दही सगळ्यांनी मिळून लिहायचे. कुणाचं पारडं जड होऊ नये हा हेतू होता. त्या खोलीची तेव्हाची अवस्था पाहता तो समजण्यासारखाही होता.

सोलोचा प्रश्न निघतो तो या वातावरणात. चित्रपटातला तो प्रसंग चाहत्यांना पाठ आहे. सोलो घातले तर गाणी जुनाट वाटतील, असा सूर खोलीत लागलेला असतो. बँडचे सोलो वाजवणारा गिटारवादक कर्क हॅमेट, एरवी या माणसाचा आवाज चढत नाही, तो या वेळी चिडतो. त्याचं म्हणणं बरोबर उलट: सोलो न घेणं हीच सध्याची फॅशन आहे, आणि ती पाळली तर अल्बमवर याच वर्षांचा शिक्का बसेल. उलरिकला हे पटत नाही, तो उडवून लावतो. अल्बम सोलोशिवायच निघतो.

वादापुरतं बोलायचं तर हॅमेट जिंकला असं आज कुणीही म्हणेल. पहिली १० सेकंदं ऐकली तरी 'सेंट अँगर' कुठल्या काळातला आहे हे कळतं.

हॅमेटच्या वाट्याचं काम

हा प्रसंग समजून घ्यायचा तर एक गोष्ट माहीत हवी, जी नव्या चाहत्यांच्या लक्षात येत नाही. मेटॅलिकाच्या सुरुवातीच्या अल्बमांत तालाची गिटार, म्हणजे गाण्याचा कणा असलेले, पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे किंवा रिफ, हे सगळे रेकॉर्डिंगमध्ये एकटा हेटफील्ड वाजवायचा. एकच रिफ तो दोन-तीनदा रेकॉर्ड करून एकमेकांवर चढवायचा. त्याचा उजवा हात इतका काटेकोर आहे की दुसऱ्या कुणी त्यात वाजवलं तर धार बोथट होईल, हे त्यामागचं कारण. हॅमेटने रेकॉर्डवर तालाची गिटार वाजवायला सुरुवात केली ती १९९६च्या 'लोड'पासून. म्हणजे पहिली १०-१२ वर्षं रेकॉर्डवर त्याच्या बोटांचे ठसे जवळजवळ सोलोंपुरतेच उमटले.

तो बँडमध्ये आला एप्रिल १९८३मध्ये, आधीचा गिटारवादक डेव्ह मस्टेन याला काढल्यावर, आणि मस्टेनचे सोलो शिकून घेणं हे त्याचं पहिलं काम होतं. त्याच काळात तो जो सॅट्रियानी या गिटारवादकाकडे धडे घेत होता. 'सोलो वाजवणारा माणूस' ही त्याची बँडमधली ओळख होती आणि जागाही. बाकी तिघांना सोलो काढणं हा शैलीचा निर्णय वाटला असेल. हॅमेटच्या बाजूने पाहिलं तर त्याची खुर्चीच उचलली जात होती. आणि हे त्याला अशा खोलीत मांडावं लागत होतं जिथे 'माझं' म्हणणं हेच दुखण्याचं मूळ ठरवलेलं होतं.

ती हवा

फॅशनबद्दल हॅमेट बोलत होता ते खरं होतं. १९७८मध्ये एडी व्हॅन हेलनचा 'इरप्शन' आला, पावणेदोन मिनिटांचा निव्वळ गिटारचा तुकडा, आणि पुढची दहा-बारा वर्षं हार्ड रॉक आणि मेटलमध्ये सोलो ही गिटारवादकाची परीक्षाच होऊन बसली. रँडी ऱ्होड्सने त्यात पाश्चात्त्य अभिजात संगीताची शिस्त आणली. यंग्वी माल्मस्टीनने १९८४मध्ये ती शिस्त अशा वेगाला नेली की त्याच्यानंतरच्या पोरांना ताल मोजून देणाऱ्या मेट्रोनोमशिवाय पर्याय राहिला नाही. ऐंशीचं दशक सरेपर्यंत प्रत्येक गाण्यात ठरल्या जागी, ठरल्या लांबीचा, श्वास न घेणारा सोलो येऊ लागला. त्याचा वीट आला तर नवल नाही.

मग नव्वदच्या दशकात उलटा वारा सुटला. ग्रंज या खडबडीत, साध्या रॉकने चमत्कृतीची थट्टा केली. रेज अगेन्स्ट द मशीनच्या टॉम मोरेलोने सोलोच्या जागी गिटारच्या स्विचने डीजेसारखे आवाज काढले. सोलो ठेवला, पण त्यातले सूरच काढून टाकले म्हणा. १९९४मध्ये कॉर्न या बँडचा पहिला अल्बम आला: सात तारांच्या गिटार, खाली उतरवलेलं ट्यूनिंग, कर्कश किंचाळणारे तुकडे, आणि सोलो नाही. त्यातून जे न्यू-मेटल निघालं त्यात सोलो घेणं म्हणजे काकालोकांचा शौक. २००१-०२मध्ये तिशी ओलांडलेल्या, अजून तरुण वाटू पाहणाऱ्या बँडच्या कानावर हेच पडत होतं.

इथे एक गोष्ट निसटते. कॉर्नची किंवा सिस्टम ऑफ अ डाउनची गाणी साधारण तीन-चार मिनिटांची असतात. त्यांनी सोलो काढला तेव्हा गाणंही आखूड केलं. सिस्टमचं 'चॉप सूई' साडेतीन मिनिटांत वेग, शांतता, आक्रोश आणि जवळजवळ प्रार्थनेसारखा शेवट असं सगळं फिरून येतं. तिथे सोलो बसवायचा म्हटलं तरी बसणार नाही, आणि त्याची आठवणही होत नाही. मेटॅलिकाने फॅशनमधली अर्धीच गोष्ट उचलली. 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' ८ मिनिटं २५ सेकंद, 'इन्व्हिजिबल किड' साडेआठ मिनिटं, 'ऑल विदिन माय हँड्स' पावणेनऊच्या वर. लांबी ऐंशीच्या दशकातली आणि आतली मांडणी न्यू-मेटलची. माझ्या मते या अल्बमचं दुखणं इथे आहे. चाहत्यांच्या भांडणात त्याचा उल्लेख फार कमी वेळा येतो.

चाहत्यांचे तट

अल्बम आल्यावर पहिलं वर्ष संताप जास्त होता, आणि तो सोलोपेक्षा स्नेअरवर. उलरिकने स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा सैल सोडल्या होत्या, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा टणत्कार उठतो. त्या आवाजाची टिंगल जगभर झाली. बॉब रॉकला हटवा म्हणून सह्यांची मोहीमही निघाली. सोलो नाहीत ही तक्रार त्याच यादीत दुसरी-तिसरी होती.

२००४मध्ये चित्रपट आला आणि तक्रारीला गोष्ट मिळाली. आता खलनायक होता आणि बिचारा नायकही. 'लार्सने कर्कचे सोलो काढले' हे वाक्य तेव्हापासून रूढ झालं. एका मोठ्या गटाची बाजू अजूनही एवढीच आहे: सोलो हा मेटॅलिकाचा आत्मा, तो एका ड्रमरने घालवला. यात भावना खरी आहे, पण पुरावा अर्धा. अल्बम निघाल्यानंतर खुद्द हॅमेटने सांगितलं होतं की सोलो घालून पाहिले होते, पण ते मागाहून चिकटवल्यासारखे वाटत होते, आणि चौघं एका खोलीत वाजवताहेत हा भाव टिकवायचा होता. बॉब रॉकचंही म्हणणं तसंच, की वरून थर चढवायचे नाहीत हे ठरलं होतं. चित्रपटातला तो प्रसंग लाखोंनी पाहिला. हे स्पष्टीकरण फारसं कुणी लक्षात ठेवलं नाही. कॅमेऱ्यासमोरची चीड नंतरच्या शांत मुलाखतीपेक्षा जास्त टिकते.

दुसरा गट अल्बमच्या बाजूचा, आणि वर्षांगणिक तो वाढतोय. त्यांचं म्हणणं असं की हा अल्बम म्हणजे मोडलेल्या माणसांची नोंद आहे. अशा वेळी सफाईदार सोलो खोटा वाटला असता. स्नेअरचा टणत्कारही त्याच प्रामाणिकपणाचा भाग. या युक्तिवादात जोर आहे, विशेषतः शीर्षकगीतात, जिथे गाणं एका लयीतून दुसरीत आपटत जातं तेव्हा कुणी वर सुरेल गिटार वाजवावी असं ऐकणाऱ्यालाही वाटत नाही. पण हा गट एक गृहीत धरतो ते मला पटत नाही: सोलो म्हणजे सफाई. स्लेयर या बँडचे केरी किंग आणि जेफ हॅनेमन यांचे सोलो ऐका. १९८६च्या 'रेन इन ब्लड'मध्ये ते सूर-सप्तकाची फिकीर न करता गिटारवरची, सूर वरखाली खेचणारी तरफ ओढून तिला किंचाळायला लावतात. कितीतरी चाहते त्याला सोलो मानायलाच तयार नसतात, 'नुसता गोंगाट' म्हणतात. तो गोंगाट त्या गाण्यांत चपखल बसतो. मोडक्या माणसाला मोडका सोलो वाजवता येतो.

तिसरा गट वाजवणाऱ्यांचा. हे वाद घालत नाहीत, दुरुस्ती करतात. कुणी अल्बमची गाणी स्वतः पुन्हा वाजवून स्नेअरचा आवाज बदलला, कुणी गाणी कापून लहान केली, कुणी रिकाम्या वाटणाऱ्या जागी आपला सोलो टाकला. या शेवटच्यांची धडपड सगळ्यात बोलकी आहे, कारण अल्बममध्ये सोलो का नाही याचं उत्तर त्यांच्या हाताला लागतं. सोलो टाकायचा कुठे?

जागा

जुन्या मेटॅलिकात सोलोची जागा वेगळी रचलेली असे. 'मास्टर ऑफ पपेट्स' घ्या. साडेतीन मिनिटांच्या आसपास सगळा भडिमार थांबतो. स्वच्छ, डिस्टॉर्शनची खरखर नसलेली गिटार तारा एकेक सोडवत वाजू लागते, त्यावर दोन गिटार जोडीने चाल धरतात आणि मग एक संथ, गाता सोलो येतो. तो हेटफील्डचा आहे, हॅमेटचा नाही. हे न सांगितल्यास कितीतरी जण चुकीची पैज लावतात. त्यानंतर खालचा रिफ जड होतो, ओरड्यांनी ताण चढतो, आणि तो फुटतो हॅमेटच्या सुसाट सोलोत. त्यात एका ठिकाणी वरची तार ओढता ओढता गिटारच्या गळ्याच्या कडेवरून खाली घसरलेली ऐकू येते. तो अपघात होता, त्यांनी तो ठेवला. साडेआठ मिनिटांच्या गाण्यात या मधल्या भागामुळे ऐकणारा एका ठिकाणाहून निघून दुसऱ्या ठिकाणी पोहोचतो, आणि शेवटचं कडवं येतं तेव्हा पहिल्या कडव्याचाच रिफ वेगळा लागतो.

'वन'मध्ये हे आणखी स्पष्ट आहे. गाणं संथ सुरू होतं, दोन्ही पायांनी वाजवलेल्या बास ड्रमचा मशीनगनसारखा तुकडा येतो आणि दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर ठोकत वाजवलेला तो सोलो सुटतो. तोवर गाणाऱ्याकडचे शब्द संपत आलेले असतात. १९८४च्या 'फेड टू ब्लॅक'मध्ये तर शेवटचं कडवं झाल्यावर गायक परत येतच नाही. निरोप गिटारच घेते. या गाण्यांत सोलो काढून टाका आणि उरलेलं सलग जोडा. गाणं लहान होत नाही, निरर्थक होतं, कारण मधला पूल गेला.

खालचा आधारही लक्षात घ्यायला हवा. या सोलोंखाली कडव्याचा रिफ चालू नसतो. तिथे वेगळा, मोकळा स्वरक्रम लिहिलेला असतो, कधी पट्टी बदललेली असते. सोलोवाल्याला कुठून कुठे जायचं ते त्या स्वरक्रमातून मिळतं. नुसत्या एका सुरावर गरगरणाऱ्या रिफवर कितीही चांगला वादक दोन मिनिटं काय वाजवणार? पाच सुरांच्या पेंटॅटॉनिकची तीच ती चढ-उतर.

आता 'सेंट अँगर'कडे या. ट्यूनिंग ड्रॉप सी, म्हणजे नेहमीपेक्षा खालच्या सुरात उतरवलेलं, किंवा त्याहूनही खाली, आणि रिफ बहुतेक खालच्या दोन-तीन तारांवर. तुकडे जॅमिंगमधून, म्हणजे एकत्र बसून वाजवलेल्या त्या बैठकांतून, उचलून जोडलेले, त्यामुळे गाणी 'अ, ब, अ, ब, पुन्हा अ' अशी फिरत राहतात. वेगळा स्वरक्रम, वेगळी हवा असलेला मधला भाग बहुतेक गाण्यांत लिहिलेलाच नाही. भरीला वरून थर चढवायचा नाही हा नियम. जुन्या रेकॉर्डवर सोलोच्या खाली हेटफील्डच्या दोन-तीन गिटार भक्कम उभ्या असत. इथे हॅमेटने रिफ सोडून सोलो धरला तर खाली एकच गिटार उरणार. वरच्या पट्टीत जिथे सोलोचा आवाज बसायचा तिथे स्नेअरचा टणत्कार आधीच मुक्काम ठोकून बसलेला. अशा गाण्यावर सोलो 'घालून पाहिला' तर तो मागाहून चिकटवल्यासारखा वाटणारच.

म्हणून 'सोलो कुणी काढला' या प्रश्नावर माझं उत्तर आहे: कुणीच नाही. काढायला तो आधी असावा लागतो. ज्या दिवशी जॅम करून तुकडे जोडायची पद्धत ठरली त्याच दिवशी सोलोची जागा गेली, आणि स्टुडिओतलं ते गाजलेलं भांडण झालं तोवर निर्णय होऊन काळ लोटला होता. हॅमेटने ज्या बाजूने युक्तिवाद केला, काळ आणि फॅशन, ती बाजू बरोबर होती पण कामाची नव्हती. 'या गाण्याला मधला भाग लिहूया, मग मी वाजवतो' असं तो म्हणाला असता तर काय झालं असतं याची कल्पना करत बसतो मी कधी कधी. अर्थात ज्या खोलीत हेटफील्ड दुपारी ४ला घरी जाणार होता तिथे नवा भाग कोण लिहिणार होतं, हेही आहेच.

एक आक्षेप रास्त आहे. या अल्बमात सोलोखेरीज इतकं काही बदललेलं होतं, ड्रमचा आवाज, ट्यूनिंग, गायकी, बासवादक, की फसलेल्या गाण्यांचं खापर एकट्या सोलोवर कसं फोडायचं? ते फोडू नयेच. गाणी लांबतात याचा दोष मात्र त्या रिकाम्या राहिलेल्या जागेकडे नक्की जातो, आणि हे म्हणायला पुढच्या अल्बमचा आधार आहे.

पाच वर्षांनी

सप्टेंबर २००८मध्ये 'डेथ मॅग्नेटिक' आला. निर्माता बदलला होता, बॉब रॉकच्या जागी रिक रूबिन. त्याने बँडला 'मास्टर ऑफ पपेट्स'च्या काळातल्या मनःस्थितीत जायला सांगितलं. या वेळी गाणी १० आणि एकूण लांबी पुन्हा जवळपास ७५ मिनिटं. गाणी सरासरीने आणखी लांबच झाली. पण मधले भाग परत आले, त्यांचे वेगळे स्वरक्रम परत आले, आणि हॅमेट जणू साठलेलं व्याजासकट वसूल करत होता. 'द डे दॅट नेव्हर कम्स' जवळजवळ आठ मिनिटांचं आहे आणि त्याचा उत्तरार्ध शब्दांशिवाय गिटारवर चालतो. लांबीची तक्रार या वेळी फार कमी झाली. तक्रार झाली ती आवाज दाबून दाबून सपाट केल्याची, म्हणजे लाउडनेसची, आणि ती रास्त होती.

त्याच अल्बममधल्या एका तुकड्याने सोलोच्या वादाला एक दुर्मीळ भेट दिली. 'सुइसाइड अँड रिडेम्प्शन' हे दहा मिनिटांचं निव्वळ वाद्यसंगीत 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये दोन आवृत्त्यांत आलं, एकीत हेटफील्डचा सोलो, दुसरीत हॅमेटचा. गाणं तेच, खालचा आधार तोच, सोलो दोन माणसांचे. हेटफील्ड चाल गुणगुणल्यासारखा जातो, एकेक सूर रोवत. हॅमेट उसळतो, वा-वा दाबतो, मधेच सूर लांबवून त्याला गोल फिरवतो. दोन्ही बसतात. आवडीनिवडी ज्याच्या त्याच्या असोत, पण जागा नीट रचलेली असली की 'वेग की भाव' हा वाद किती दुय्यम होतो ते इथे अर्ध्या तासात कळतं. मला हेटफील्डचा जास्त आवडतो. वाजवणाऱ्या मित्रांना हे सांगितलं की ते तोंड वाकडं करतात.

आता उलटी तक्रार

गंमत अशी की आता हॅमेटवर टीका होते ती सोलो असतो म्हणून. नोव्हेंबर २०२२मध्ये 'लक्स एटर्ना' आलं, साडेतीन मिनिटांच्या आतलं, ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश मेटलची आठवण देणारं गाणं. त्यातल्या छोट्याशा सोलोवर चाहते तुटून पडले: ढिसाळ आहे, शिकाऊ पोरगा वाजवेल असा आहे, घरात बसून आम्ही याहून चांगला वाजवू. काहींनी खरोखर वाजवून दाखवला, आणि बोटांच्या सफाईचा विचार केला तर त्यांचा वरचढही होता. हॅमेटने उत्तर दिलं ते साधारण असं, की तीन सप्तकांत धावणारे आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे सुटे सूर, मलाही एकापाठोपाठ एक वाजवता येतील, पण या गाण्यात ते कुठे शोभतील?

२००२मध्ये याच माणसाने सोलोच्या बाजूने काळाचा दाखला दिला होता. २० वर्षांनी त्याने गाण्याचा दिला. टीकाकारांनी तो ऐकला नाही, कारण त्यांच्या डोक्यात सोलो म्हणजे अजूनही परीक्षा आहे. 'लक्स एटर्ना'चा सोलो मलाही फार ग्रेट वाटत नाही. दोन-तीन सूर नीट उमटत नाहीत आणि ते पुन्हा घेता आले असते. पण जी मंडळी त्याच्या जागी सफाईदार वेगवान सोलो चिकटवून दाखवतात, त्यांचं ऐकताना गाणं मध्येच थांबून कुणाची तरी प्रात्यक्षिक परीक्षा सुरू झाल्यासारखं वाटतं.

हे गाणं ज्या अल्बममध्ये आहे त्या '७२ सीझन्स'चा शेवट 'इनामोराटा'ने होतो, ११ मिनिटांच्या वर, मेटॅलिकाच्या स्टुडिओ अल्बमांतलं सगळ्यात लांब मूळ गाणं. त्यात मधे सगळं गळून पडतं आणि त्रुहियोची बास जवळजवळ एकटी उरते. मग एकेक करून बाकीचे परततात आणि दोन गिटार जोडीने वर चढतात. तिथे वेग नाही, कुणाला वाजवायला अवघड जाईल असं काही नाही. 'लक्स एटर्ना'ची खिल्ली उडवणारे माझ्या ओळखीतले दोघे-तिघे याच भागाला आवाज वाढवतात. हॅमेट आवडत नाही, हे त्यांचं म्हणणं अजून कायम आहे.